मुळांची मुदत

पावसाळा सरला की मी एकदा तरी वरंध घाटाच्या अंगानं रानात जातो. यंदा उभ्या उतारावरच्या एका जांभळीपाशी पाय थांबले. बुंध्याच्या वरच्या अंगाला माती, गोटे आणि कुजका पाला गुडघ्याएवढा साचलेला. खालच्या अंगाला दोन मुळं उघडी, मधे कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी. खोड बुडाशी वाकून मग सरळ वर गेलेलं. जमीन पायाखालून सरकत होती आणि ते झाड वर्षानुवर्षं स्वतःला सावरत होतं. वरून सुटलेला गाळ त्यानं तिथंच अडवला होता. नाहीतर तो ओहोळातून कुणाच्या तरी भातखाचरात उतरला असता.

सह्याद्रीच्या अशा उतारांवर माती थोडीच. खाली काळा कातळ, वर मुरूम, त्यावर मातीचा थर. संततधारेनं तो थर पाणी पिऊन जड होतो, सैल होतो. मुळं मुरमात, कातळाच्या भेगांत शिरून त्याला धरून ठेवतात. बारीक मुळांची जाळी शेजारच्या झाडाच्या जाळीत गुंतते. झाड तोडलं तरी ही पकड लगेच सुटत नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच. बुडखा राहतो, मुळंही जमिनीतच राहतात, पण कुजत जातात. आधी बारीक, मग जाड. काही वर्षांनी जुनी मुळं संपलेली असतात आणि नव्या रोपांची अजून पुरती भरलेली नसतात. उतार सगळ्यात दुबळा होतो तो तेव्हा. कुऱ्हाड एका वर्षी चालते, दरड भलत्याच वर्षी कोसळते. दोष पावसाला लागतो.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी. झाडं असली की दरड येतच नाही, असं मी म्हणणार नाही. घसरणारा थर मुळांच्या पोहोचेखाली असला, तर अख्खं रान उभ्याउभ्या खाली येतं. पण मुळांना पेलेल एवढी माती तरी त्यांच्या हातून काढून घेऊ नये.

तुमच्या गावाच्या डोक्यावरच्या उतारावर बुडखे दिसले, तर ती तोड कोणत्या साली झाली ते विचारा, लिहून ठेवा. आणि त्या सालापासून पुढचे दहा-पंधरा पावसाळे त्या उतारावर नजर ठेवा.