फुगेवाले इवाता

गेल्या दिवाळीत मी घरी जाहीर केलं, की मेकॅनिकलची डिग्री पूर्ण करीन, पण नोकरी गेम प्रोग्रॅमिंगमध्येच शोधीन. तेव्हापासून बाबांचं माझ्याशी फोनवरचं बोलणं दोन वाक्यांवर आलंय. "पैसे पोचले का?" आणि "थांब, आईला देतो."

अशा वेळी माणूस आधार शोधतो. कुणी मठात जातो, कुणी कॉलेजसमोरच्या टपरीवर. मला सापडले सातोरू इवाता.

लहानपणी मामाकडे टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओगेम होता. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, परत घालायची. त्यात फुग्यांचा एक खेळ होता. फुगे बांधलेला माणूस हात फडफडवत उडतो, दुसऱ्याचे फुगे फोडतो आणि फार खाली आला की पाण्यातला मासा त्याला गिळतो. नाव 'बलून फाइट'. मामाकडचं ते डबडं निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होतं आणि फॅमिकॉमवर हा खेळ इवातांनी प्रोग्रॅम केला होता, हे मला कळायला थर्ड इयर उजाडलं.

इवाता १९५९ साली सप्पोरोला जन्मले. शाळेत त्यांच्याकडे ह्यूलेट-पॅकार्डचा प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर होता. त्यावर ते गेम लिहायचे आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राला खेळायला द्यायचे. (आपण कॅल्क्युलेटरच्या झाकणात फॉर्म्युले लिहितो, असो.) पुढे टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकताना ते एका मोठ्या दुकानाच्या कॉम्प्युटर विभागात पडीक असायचे. तिथल्याच मंडळींनी 'हाल लॅबोरेटरी' नावाची चिमुकली कंपनी काढली. इवाता तिथे पार्टटाइम काम करू लागले आणि १९८२ मध्ये कायमचे चिकटले. त्यांचे वडील मुरोरान शहराचे महापौर. मुलगा असल्या कंपनीत चाललाय म्हटल्यावर ते सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत!

हे वाचलं त्या रात्री मी मोबाइलचं कॅलेंडर काढून मोजलं. माझा चौथा महिना चालू होता.

आता थोडं तांत्रिक. 'बलून फाइट'मधला माणूस इतका अलगद का तरंगतो? कारण इवातांनी त्याची जागा पूर्ण पिक्सेलमध्ये न मोजता दशांशापर्यंत मोजली. स्क्रीनवर पिक्सेल अर्धा सरकत नाही, पण हिशेबात सरकतो, साठत जातो आणि मग वेग गुळगुळीत वाटतो. आर्केड मशीनवरच्या खेळाचे प्रोग्रॅमर नाकागो यांनी ही युक्ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि १९८५ च्या 'सुपर मारिओ'त पाण्याखाली पोहताना ती वापरली. आपल्याला न्यूमेरिकल मेथड्समध्ये राउंडिंग एरर शिकवतात, तेव्हा मारिओचा उल्लेख केला असता तर मागचे दोन बाक तरी जागे राहिले असते.

आणखी एक किस्सा. 'मदर २' नावाचा गेम वर्षानुवर्षं रखडला होता. मदतीला बोलावलेल्या इवातांनी सांगितलं, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं, नव्याने लिहिलं तर सहा महिने. गेम १९९४ मध्ये बाजारात आला.

मला यातलं 'नव्याने' एवढंच ऐकू आलं. आमच्या प्रोजेक्टमध्ये सीनियर्सचा कोड मिळाला होता. तो पोरांना पटवून मीच फेकून द्यायला लावला. मार्चच्या रिव्ह्यूला ना त्यांचं काही चालत होतं, ना आमचं. इवातांनी आधी, टीममधल्या बाकीच्यांना काम करता येईल अशी टूल्स बनवली होती, हे मी नंतर नीट वाचलं. पार्टनर अजून टोमणे मारतात. बरोबरच आहे.

१९९३ मध्ये हाल कर्जात बुडाली तेव्हा ३३ वर्षांचे इवाता अध्यक्ष झाले. कर्ज १५० कोटी येन. त्यांनी एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून त्याचं ऐकून घेतलं आणि कर्ज काही वर्षांत फेडलं. २००२ मध्ये ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, यामाउची घराण्याबाहेरचे पहिलेच. डीएस, वी वगैरे तुम्हाला माहीत आहेच. मला जास्त भावतं ते २००१ सालचं. निन्टेन्डोत वरच्या हुद्द्यावर असूनही 'स्मॅश ब्रदर्स मेली' वेळेत होईना म्हणून ते परत हालमध्ये जाऊन बसले आणि तीन आठवडे दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढले. २०११ मध्ये थ्रीडीएसची किंमत उतरवावी लागली, तेव्हा त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. ११ जुलै २०१५ रोजी, अवघ्या ५५ व्या वर्षी, ते गेले.

परवा बाबांचा फोन आला. पैसे पोचले का, विचारून झालं. मी आईची वाट बघत होतो.

"मामाकडे माळा साफ केला," बाबा म्हणाले. "तुमचा तो फुग्यांचा गेम निघालाय. लावून बघितला, पण चालत नाही."

म्हटलं, "कॅसेट काढा बाबा, आणि फुंकर मारून बघा."