पडू द्या आधी

फेब्रुवारी हा कृषी सेवा केंद्रवाल्याचा मोकळा महिना. खरिपाची उधारी वसूल व्हायची तेवढी झालेली असते, हरभरा काढणीला आलेला असतो आणि उन्हाळी भुईमुगाचं बियाणं नेणारे मोजकेच. लातुरात आमच्या धंद्यातली माणसं याच दिवसांत तिरुपतीला जाऊन येतात. आम्ही 2024 साली स्कीइंग शिकायला गेलो. कल्पना मुलीची. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला घरी आली आणि फराळाच्या ताटावरच तिनं जाहीर केलं, "पप्पा, यंदा बालाजी नाही. बर्फ."

साल काही चैनीचं नव्हतं. 2023चा ऑगस्ट हा देशातला 1901पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पाऊस गायब झाला आणि माझी निम्मी वसुली पुढच्या हंगामावर गेली. पण बायको म्हणाली, "चांगल्या सालाची वाट बघत बसलो तर गुडघे जातील." या मुद्द्याला उत्तर नव्हतं.

पहिलं नाव निघालं औलीचं. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वरच्या उतारावर. समोर नंदादेवी, नवशिक्यांसाठी गढवाल मंडल विकास निगमचे वर्ग, 2011ला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही तिथं झालेल्या. कागदावर सगळं जुळत होतं. पण जानेवारी 2023मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा गेल्या, तेव्हापासून वर जाणारा रोपवे बंद. रस्त्यानं जाता येतं, असं म्हणत मुलीनं मोबाईलवर नकाशा काढला, तर खाली त्या घरांचे फोटो. बायकोचं माहेर औशाकडचं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती शाळेत शिकत होती. नंतर कितीतरी महिने घरचे सगळे अंगणात पत्र्याखाली झोपत होते. तिनं फोटो पाहिले आणि मोबाईल पालथा ठेवला. "भेगा गेलेल्या गावावरून मजा करायला जायचं नाही." औलीचा विषय तिथंच संपला.

राहिलं गुलमर्ग. माझा मेव्हणा नांदेडला बँकेत आहे. तो आणि त्याची बायकोही येणार म्हटल्यावर नियोजन त्यानं ताब्यात घेतलं. त्याला एक्सेलशिवाय सुचत नाही. तक्त्यात रकानेच रकाने. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं श्रीनगर. बाहेरची प्रीपेड सिमकार्डं काश्मिरात चालत नाहीत, म्हणून निदान दोघांची पोस्टपेड पाहिजेत. बर्फ असला तर टंगमर्गच्या पुढं चाकांना साखळ्या बांधलेलीच गाडी लागते. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन, तीही आधीच काढावी लागतात, ऐन वेळी मिळत नाहीत. हा पाळण्यांचा रोपवे दोन टप्प्यांचा: कोंगडोरीपर्यंतचा 1998चा आणि अफरवटच्या अंगाला सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेणारा 2005चा. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. गुलमर्गचं मैदानच त्याच्यापेक्षा हजार मीटरनं उंच.

"दाजी, विम्याचं बघा," तो म्हणाला. मी बघितलं. साध्या प्रवास विम्यात स्कीइंगसारखे साहसी खेळ बहुतेक वेळा धरत नाहीत; वेगळे पैसे भरून ते जोडून घ्यावे लागतात. कपड्यांचं मुलीनं शिकवलं: अंगाला सुती काही नको. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि थंडी तिथूनच शिरते. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न धरणारं जाकीट. एवढं सांगूनही मेव्हण्यानं माळेगावच्या यात्रेतून घोंगडी आणलीच. रविवारी आम्ही हत्तीबेट चढून-उतरून यायचो आणि घरी उठाबशा काढायचो. दुकानातला पोरगा गिऱ्हाइकांना सांगायचा, "मालक बर्फावर जायलेत."

तारीख ठरली होती संक्रांतीनंतरची, मुलीच्या सेमिस्टरच्या सुट्टीतली. चिल्लई कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. काश्मीरची सगळ्यात कडक थंडी आणि भरवशाचा बर्फ तेव्हाचा. जानेवारी उजाडला आणि मोबाईलवर गुलमर्गचे फोटो यायला लागले: पिवळं गवत, उघडे उतार, कडक ऊन.

हा बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून. तिकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयाला धडकतात आणि तिथं ओझं टाकतात. त्या हिवाळ्यात ते आलेच दुबळे. आम्हाला ते अनोळखी नाहीत. त्यांतला एखादा फार दक्षिणेला उतरला आणि इकडचा दमट वारा त्याला भेटला की मराठवाड्यात गारपीट होते. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दिवसामागून दिवस झाली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं सगळं झोडपून गेली. आभाळातून पडलेला बर्फ माझ्या गिऱ्हाइकांनी पाहिलाय तो असा, पिकाच्या मुळावर आलेला.

श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याला फोन लावला. म्हणाला, स्लेज ओढणारे बसून आहेत, हॉटेलांची बुकिंगं रद्द होतायत, बागवाले उन्हाळ्यात पाणी कुठून येणार म्हणून धास्तावलेत. फोन ठेवला तेव्हा मला आमचा ऑगस्ट आठवला.

घरात दोन तट पडले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पैसे भरलेत. बर्फ नसला तर नसला, काश्मीर तर बघू." मी आडवा आलो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं दरवर्षी जूनमध्ये सगळ्यांना सांगणारा मी. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून घाईनं पेरणाऱ्यांना दुबार पेरणीचं बियाणंही मीच विकतो. ओल नसताना आपण पेरायचं नाही. विमानाचे थोडे पैसे बुडाले, हॉटेलवाल्यानं तारीख पुढं ढकलून दिली, मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

जानेवारीच्या शेवटी झंझावात आला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुलमर्ग पांढरं झालं. मेव्हण्यानं बँकेत रजा टाकली, मुलीनं कॉलेज बुडवलं, विमान दीडपटीनं महाग पडलं. सचखंडमध्ये आरएसी मिळाली. या गाडीत एक बरं असतं, वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो. नेहमीचे प्रवासी घरून ताटल्या घेऊनच बसतात. आमच्याकडं धपाटे आणि शेंगाची चटणी होती, तरी मेव्हणा प्रत्येक लंगरला डबा घेऊन उतरला.

स्कीइंगबद्दल आधी कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे बूट. प्लास्टिकचा टणक साचा, समोर चार बकलं, आत पाय घोट्यापासून जखडलेला. तो घालून जिना उतरणं हीच पहिली कसरत. नवशिक्याला स्की हनुवटीएवढी देतात, लांब दिली तर वळत नाही. पुढची टोकं जवळ, टाचा लांब अशी फाक केली की वेग मरतो. हे डोक्याला लगेच कळतं, अंगाला कळत नाही. कारण पाय घसरायला लागले की माणूस भिऊन मागं रेलतो, आणि मागं रेललं की स्की ताब्यातून सुटते. आमचा शिक्षक, तिशीच्या आतला काश्मिरी पोरगा, दिवसभर एकच ओरडत होता, "आगे झुकिए, आगे." नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबायची, उताराकडं तोंड करून उताराकडंच झुकायचं. मुलीला दुपारपर्यंत जमलं. बायको पडायला घाबरत नव्हती, कुशीवर पडायची आणि हसत उठायची, म्हणून तीही शिकली. मेव्हणा वेग मोजत होता. मी संध्याकाळी त्या लहानशा उतारावर न पडता खाली आलो आणि नडग्या दोन दिवस निळ्या राहिल्या.

चहाच्या वेळी शिक्षकानं गाव विचारलं. मी सांगितलं, लातूर. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते. त्यानं ती बातमी पाहिलेली होती. मग तो बोलत राहिला. जानेवारीत त्याला एक पैसा मिळाला नव्हता. वर्षाची कमाई या थोड्या आठवड्यांतली. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ कडाक्यानं घट्ट बसतो आणि हळूहळू वितळत उन्हाळाभर नाल्यांना, झेलमला पुरतो. फेब्रुवारीचा उशिरा आलेला बर्फ बघायला छान, पण लवकर वाहून जातो. "आपके लिए ठीक है," तो म्हणाला, "सेब के लिए नहीं." त्यावर मी काही बोललो नाही. आमच्याकडंही सप्टेंबरचा पाऊस धरण भरतो आणि सोयाबीन गेलेलं असतं.

आम्ही परतल्यावर तिथं आणखी जोरात बर्फ पडला. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा 21 फेब्रुवारीपासून झाल्या, आणि 22 तारखेला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक परदेशी स्कीअर गेला. ही बातमी आईनं वाचली आणि आम्ही गेलो होतो तो उतार कुठं, हे घोंगडी पसरून तिला समजावावं लागलं. 2025मध्ये गुलमर्गच्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून थांबल्या आणि मार्चमध्ये झाल्या.

आता ओळखीचे लोक विचारायला दुकानात येतात. मी सांगतो: रजा दोन आठवड्यांची मागून ठेवा, वापरा एकच. पैसे परत मिळतील असंच तिकीट काढा, महाग पडलं तरी. गोंडोला आणि शिक्षक जागा पक्की झाल्यावर. विम्याचे बारीक अक्षरातले नियम वाचा. आखून दिलेल्या उताराच्या बाहेर जाऊ नका. एवढं ऐकून घेतल्यावरही माणूस शेवटी नक्की तारीखच मागतो. त्याला, मृगात पेरू का म्हणून विचारणाऱ्याला देतो तेच उत्तर: पडू द्या आधी, मग बघू.