पाठीला हात लागला

पाठीत टायटॅनियमच्या दोन सळ्या आणि वीसेक स्क्रू असलेल्या माणसालाही मालिश करून घेता येतं! जाणत्या हातांनी, सर्जनच्या परवानगीने, व्यवस्थित करून घेता येतं, आणि त्याने दुखणं उतरतं. मला हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. ऑफिसात सांगून झालं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून झालं, आता इथे सांगते.

माझा कणा वाकडा होता. शाळेत असताना आईला पाठीवर तेल चोळताना जाणवलं की एका बाजूचा फरा जास्त वर आलाय. मग एक्स-रे, मग त्यावर पेन्सिलीने मारलेल्या रेघा. कोन 58 अंश. न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी 1948 साली कण्याचा बाक मोजायची जी रीत सांगितली तीच आजही वापरतात. दहा अंशांच्या वर गेलं की स्कोलिओसिस म्हणायचं आणि पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विषय निघतो. माझ्या बाबतीत तो निघाला आणि झालाही. पाठीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्यापर्यंत बारा मणके एकमेकांना जोडून टाकले, हाड भरलं, सळ्यांनी बांधलं. ऑपरेशन उत्तम झालं. माझी उंची वाढली. एक्स-रेमध्ये कणा सरळ दिसतो आणि तो बघून मला अजूनही आनंद होतो.

पण दुखायचं. सगळ्यांचं नसेल, माझं दुखायचं. उजव्या फऱ्याच्या कडेला एक जागा होती, कमरेच्या डाव्या बाजूला दुसरी. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते, दिवसभर स्क्रीनसमोर ड्रॉइंगं. दुपारी चारच्या पुढे कमरेतली कळ खुब्यात उतरायची. बंगळूरमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण रिक्षात बसलं की प्रत्येक स्पीडब्रेकर थेट त्या जागेवर येऊन पोचायचा. तपासण्या झाल्या. सळ्या जागेवर, स्क्रू घट्ट, हाड छान जुळलेलं. सगळं ठीक. मग दुखतंय काय?

आमच्या घरात तेल लावणं हा रोजचा कारभार आहे. बाळ जन्मलं की मालिशवाली बाई महिना-दीड महिना येणार, आईला आणि बाळाला चोळून काढणार. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्या पाठी ओळीने पाटावर. आजोबांचे गुडघे, बाबांचे खांदे, सगळ्यांना तेल मिळायचं. ऑपरेशननंतर माझी पाठ त्यातून वगळली गेली. कुणी दुष्टपणाने नाही, सगळे घाबरले होते. मलाही भीती वाटायची. अभ्यंगाला आई हाता-पायांना तेल लावायची आणि मानेपाशी येऊन थांबायची. त्या व्रणावरून वर्षानुवर्षं फक्त साबण फिरला, तोही माझाच.

तर आता बंगळूरमधलं मल्लेश्वरम. जयनगरहून मेट्रोची हिरवी लाइन पकडायची, मंत्री स्क्वेअर संपिगे रोडला उतरायचं. फुलांच्या आणि भाजीच्या गर्दीतून थोडं चालत गेलं की एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीची खोली आहे. मॅडम बेळगावच्या. माझं नाव वाचूनच त्यांनी मराठीत सुरुवात केली. पहिला अर्धा तास त्यांनी मला हातच लावला नाही. एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला, कुठून कुठपर्यंत मणके जोडलेत ते बोटाने मोजलं, सर्जनची चिठ्ठी वाचली, ऑपरेशनला किती काळ झाला ते विचारलं. ताप येतो का, पायात नव्याने मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का, लघवीवर ताबा नीट आहे का? यातलं एकालाही ‘हो’ म्हटलं असतं तर मला तिथूनच सर्जनकडे परत पाठवलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तिथेच विश्वास वाटला.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी अक्षरशः उठून बसले. मागून ऑपरेशन करताना कण्यापर्यंत पोचायला दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरावे लागतात. हाड जुळतं, टाके भरतात, पण ते स्नायू आणि त्यांच्यावरचं आवरण जिथे जसं चिकटेल तसं चिकटतं. त्यात माझा कणा त्याआधी कित्येक वर्षं वाकडा होता. एका बाजूचे स्नायू कायम ताणलेले, दुसऱ्या बाजूचे कायम आखडलेले. कणा एका दिवसात सरळ केला, स्नायूंची सवय कुठे एका दिवसात जाते? आणि बारा मणके हलायचे थांबले, तर वाकण्या-वळण्याचं त्यांचं काम कुणी करायचं? वरची मान, खालचे उरलेले दोन मणके, खुबे. तिथले स्नायू दुप्पट राबतात. मी इमारतींची ड्रॉइंगं काढते, भार एका खांबावरून काढला की तो दुसरीकडे जातो हे मला कुणी शिकवायला नको. ते माझ्याच अंगात चाललंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

मला कुशीवर झोपवलं. गुडघ्यांमध्ये उशी, पोटाशी उशी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्यामध्ये, कण्यापासून दूर, एक चौकोनी स्नायू असतो. मॅडमनी अंगठा तिथे ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला आणि हळूहळू भार वाढवत नेला. तो स्नायू पिळलेल्या सुंभासारखा लागत होता, मला माझ्या आतून कळत होतं. आणि मग, रोज चार वाजता खुब्यात उतरणारी ती कळ, तीच, त्याच वाटेने उतरली. अंगठा कमरेवर आणि दुखतंय खुब्यात!

“हेच काय?” मॅडमनी विचारलं.

“हेच!”

“श्वास धरू नका की. सोडा.”

मी श्वास सोडला. अंगठा तिथेच. थोड्या वेळाने कळ पातळ झाली, आणखी थोड्या वेळाने तो सुंभ अंगठ्याखाली सैल पडला. इतकी वर्षं मी जिला हाडाचं दुखणं समजून सांभाळत होते, ती जागा एका माणसाच्या अंगठ्याने शोधून काढली होती.

घरी येऊन मी रात्री वाचत बसले आणि मला जॅनेट ट्रॅव्हेल भेटल्या. अमेरिकेतल्या डॉक्टर. जॉन केनेडींच्या पाठीचं 1954 मध्ये ऑपरेशन झालं, कण्यात धातूची पट्टी बसवली. जंतुसंसर्गाने ते मरणाच्या दारात गेले आणि पुढच्या वर्षी ती पट्टी काढावी लागली. पाठ दुखायची ती दुखतच होती. 1955 मध्ये ते ट्रॅव्हेलबाईंकडे गेले. बाईंनी स्नायू तपासले, आखडलेल्या जागी बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली, एक पाय आखूड आहे हे ओळखून बुटाची टाच उंच करवली, झुलती खुर्ची वापरायला सांगितली. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याच व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या, त्या पदावरची पहिली स्त्री. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांनी 1983 आणि 1992 मध्ये दोन खंडांत जो ग्रंथ काढला त्यात अंगाचे नकाशे आहेत: फुलीपाशी गाठ, लाल रंगात तिची कळ कुठे कुठे पोचते ते. कमरेच्या त्या चौकोनी स्नायूचं पान उघडलं तर लाल रंग खुब्यावर! या गाठी म्हणजे नेमकं काय, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, असू देत. माझी कळ त्या पानावर छापलेली आहे.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मला फार जवळची वाटते. पाठीत सळी घालून बाक सरळ करायची आधुनिक पद्धत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी 1950च्या दशकात बसवली, ती पोलिओने कणे वाकलेल्या मुलांसाठी. 1962 मध्ये त्यांनी ती छापून जगापुढे ठेवली. आणि आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय 1952 मध्ये मुंबईत सुरू झालं, केईएम रुग्णालयाच्या आवारात, तेही पोलिओच्या साथीमुळे. एकाच आजाराने तिकडे सळी आली आणि इकडे हात आले. मला दोन्ही मिळाले, फक्त मधे बराच काळ गेला.

व्रणाची गोष्ट राहिली. दोन-तीन भेटींनंतर मॅडमनी विचारलं, “इथे हात लावू काय?” मानेखालून कमरेपर्यंत जाणारी माझी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना बधिरपणा आहे, तिथे किती दाब पडतोय हे मला कळत नाही. म्हणून त्या सारखं विचारत होत्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सळ्यांवर दाब नाही, कण्यावर झटका नाही, कडकड वाजवणं तर मुळीच नाही. तेल नावापुरतं, कारण निसटणारी कातडी धरता येत नाही. व्रणाच्या कडेची कातडी चिमटीत उचलायची, थोडी पुढे सरकवायची, सोडायची. काही जागी ती उचललीच जाईना, खाली घट्ट चिकटलेली. बोटाबोटाने ती सुटत गेली. ब्रिटनची राजकन्या युजिनी 2018 मध्ये लग्नात मुद्दाम मागून उघडा पोशाख घालून आली होती, बाराव्या वर्षी झालेल्या याच ऑपरेशनचा व्रण दिसावा म्हणून. तिचा तो फोटो तेव्हा मी कितीदा तरी बघितला होता. व्रण दाखवता येतो हे मला तिच्यामुळे कळलं होतं. त्याला मायेने हात लावता येतो हे मल्लेश्वरममध्ये कळलं.

मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मॅडमनी नॅपकिन पुढे केला आणि काम चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते आधीच सांगून ठेवलं होतं. ओसरल्यावर काय काय झालं! डाव्या बरगड्यांत श्वास भरला, तो तिथे भरतो हेच मी विसरले होते. कुशीवर झोप लागली. एका संध्याकाळी खोलीतून निघून मी काडू मल्लेश्वराला गेले. व्यंकोजीराजांनी बांधलेलं हे देऊळ, शिवाजीमहाराजांच्या धाकट्या सावत्र भावाचं, म्हणून मल्लेश्वरममधली ही जागा मला आपली वाटते. समोरच्या नंदीतीर्थात पायऱ्या उतरून जावं लागतं. पायऱ्या उतरणं मला नको व्हायचं. त्या दिवशी कठडा न धरता उतरले आणि नंदीच्या तोंडातून पडणाऱ्या पाण्यापाशी पोचले.

माझं सगळं बरं झालंय असं मी म्हणत नाही. जोडलेले मणके जोडलेलेच राहणार. आठवडा कामाचा गेला की सुंभ पुन्हा पिळतो. म्हणून मॅडमनी भिंत आणि टेनिसचा चेंडू यांच्यामध्ये फऱ्याची कड टेकवायला शिकवलंय, आणि पोटाचे, नितंबांचे व्यायाम दिलेत. ते रोज केले तरच मालिशचा गुण टिकतो. कंबरदुखीवरच्या मालिशचे 25 अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये कॉक्रन या संस्थेने आढावा घेतला; आराम मिळतो, पण थोड्या काळापुरता, आणि पुरावाही फारसा भक्कम नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मान्य आहे. पण चार वाजता खुबा न दुखता गेलेली संध्याकाळ मला थोडी वाटत नाही.

ऑपरेशनच्या वेळी वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर जी मुलगी होती, ती आता कऱ्हाडला असते. काल तिला फोन लावला आणि एका दमात हे सगळं सांगितलं. तिचंही फऱ्यापाशीच दुखतं! “सर्जनला सोमवारी विचारते,” म्हणाली. “एक्स-रे जुना चालेल का गं?” म्हटलं, नवा काढ, आणि कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोडलंय ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. फिजिओ जाणकार असेल तर आधी तेच मागेल.