मेहरूणची बोरे आणि मामांचा कायदा

जळगाव हे माझे आजोळ. त्यामुळे मेहरूणच्या तलावाशी ओळख जुनी. तलावापेक्षा तेथल्या बोरांशी, असे म्हणणे अधिक खरे! गेल्या महाशिवरात्रीला वकीलमामांबरोबर तलावाकाठी फेरी मारून परतताना बोरांची पाटी दिसली. हंगाम सरत आलेला, तरी पाय थबकलेच. बाईंनी बोरे तराजूत टाकली आणि त्यांतला पाला, काटक्या वेचून बाजूला काढल्या.

"पाल्याचे पैसे कसे घेऊ, दादा?"

मी हसलो, मामा हसले नाहीत. आदल्या रात्री शेजारच्या वहिनी त्यांच्याकडे रडून गेल्या होत्या. मुलगा कॉलेजात, आणि खिशात गांजाची पुडी सापडलेली.

"आमच्या कायद्याला ही बाई हवी होती," मामा म्हणाले. १९८५ च्या केंद्रीय कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर. (आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे तिलाही परवाना लागतो, शिवरात्र असली तरी!) पण तीच पाने शेंड्यांसोबत आली, की गांजा म्हणून काट्यावर चढतात. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण: वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोंच्या वर गेले, की किमान १० वर्षे! पाल्याच्या भाराने माणसाची वर्षे ठरावीत, हे मामांना पटत नाही.

"मग मोकाट सोडायचे?" मी विचारले. मीही मुलांचा बाप. कोवळ्या वयात गांजा डोक्याची काय दशा करतो, हे पाहिलेले.

"तसे कोण म्हणतो? १८९३ साली इंग्रजांनी आयोग नेमला. त्याने हजारावर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीऐवजी परवाना व कर सुचवला. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. त्या २७ त आपला देशही होता. घरी मात्र काटा तोच!"

मला स्वतःला गांजाची दुकाने नकोत. पण विकणारा आणि सवयीत सापडलेला पोरगा एका पारड्यात नकोत, एवढे त्या पाटीपाशी उभे राहून पटले.

"वहिनींना काय सांगणार?"

"कलम ६४अ. अल्प प्रमाणातला व्यसनी स्वतःहून मान्य दवाखान्यात उपचाराला तयार झाला, तर खटल्यातून सुटका मिळू शकते. पोराला सवय आहे का, ते आधी त्यालाच विचारायला हवे. आईदेखत नाही."

घराशी येताच मामांनी माझ्या हातातली अर्धी बोरे घेतली आणि शेजारची कडी वाजवली.