आईचा जप

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली, ती कायमचीच. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग ती मला "ताई" म्हणू लागली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दिवेलागणीला पर्स घेऊन दाराशी उभी राहायची. "चला गं, उशीर झाला. घरी आई वाट बघत असेल." अल्झायमरचं निदान झालेलं होतं, त्यामुळे विसरण्याचं नवल नव्हतं. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती दाराशी झटायची, रडायची, आणि सकाळी आम्हा दोघांना कामावर जायचं असायचं. २००३ साली डॉक्टरांनी तिला शांत करणारी एक गोळी सुरू केली. आई झोपू लागली. आम्हीही.

चार-पाच महिन्यांनी तिचे ओठ हलू लागले. सोफ्यावर बसल्या बसल्या सारखे हलत. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आयुष्यभर जप करणारी बाई! "सगळं विसरली, पण नामस्मरण नाही विसरली," असं मी पुण्याला भावाला फोनवर कौतुकानं सांगितलं. गणपतीला आलेल्या मंडळींनी तर तिला वाकून नमस्कार केला.

एक दिवस माझ्या लेकीनं विचारलं, "आजी जप करते, तर तिची जीभ का बाहेर येते?"

मी जवळ जाऊन बसले. ओठांवर शब्द नव्हता. सुपारी चघळावी तसा जबडा फिरत होता आणि मध्येच जीभ बाहेर येत होती.

त्या रात्री गोळीचं नाव घालून मी वैद्यकीय शोधनिबंधांची सूची उघडली. रोगाचं नाव सापडलं : टार्डिव्ह डिस्कायनेशिया. अँटिसायकॉटिक औषधांमुळे तोंड, जीभ, जबडा आपोआप हलत राहणं. आणि निबंधामागून निबंधावर एक नाव येत होतं : डी. व्ही. जेस्ते. हे तर आपल्यातले! पिंपळगावला जन्म, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिक्षण, मुंबईच्या केईएममध्ये मानसोपचाराचे धडे. अमेरिकेत ते आधी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत होते आणि १९८६ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत. १९८२ साली त्यांनी रिचर्ड वायट यांच्याबरोबर याच विकारावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

१९९५ चा त्यांचा एक निबंध मी दोनदा वाचला. पंचेचाळिशीपुढच्या २६६ रुग्णांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. एका वर्षात २६ टक्के, दोन वर्षांत ५२ आणि तीन वर्षांत ६० टक्के लोकांना हा विकार जडला. तरुणांपेक्षा कितीतरी जास्त. ही आकडेवारी जुन्या प्रकारच्या औषधांची. आईची गोळी त्याच प्रकारातली.

निबंध छापून डॉक्टरांकडे नेला. ते शांतपणे वाचून म्हणाले, "हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." गोळी हळूहळू कमी करत बंद केली. ओठांचं हलणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं मात्र नाही. संध्याकाळचं "घरी जायचं" परत आलं. मग आम्ही तिला गाडीत बसवून दोन गल्ल्या फिरवून आणायचो आणि आमच्याच दाराशी थांबून म्हणायचो, "आलं बघ घर." पुष्कळदा तेवढ्यानं भागायचं. २००७ मध्ये आई गेली.

२००५ साली अन्न व औषध प्रशासनानं कडक इशारा दिला, की डिमेन्शियाच्या वृद्धांना नव्या प्रकारच्या अशा गोळ्या दिल्यानं मृत्यूचा धोका वाढतो. २००८ मध्ये तो जुन्या गोळ्यांनाही लागू झाला. त्याच वर्षी या औषधांवरच्या तज्ज्ञ-अहवालाचे पहिले लेखक जेस्तेच होते. डॉक्टर, रुग्ण आणि घरच्यांनी मिळून निर्णय घ्यावा, असा त्यातला आग्रह. २०१२-१३ मध्ये ते अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले, आशियाई वंशाचे पहिले.

परवा त्यांची निबंधांची यादी पुन्हा चाळली. सुरुवातीला सगळीकडे विकार, औषधं, दुष्परिणाम. मग २००८ मध्ये इप्सित वाहिया यांच्याबरोबर लिहिलेला भगवद्गीतेतल्या शहाणपणावरचा निबंध. २०१३ मध्ये सॅन दिएगोच्या १,००६ जणांची पाहणी : शरीर थकत गेलं तरी वय वाढेल तसं माणसं आपल्या आयुष्याला अधिक चांगले गुण देतात. वाटलं, ही नुसती यादी नाही. म्हाताऱ्या माणसांकडे कोणीतरी चाळीसएक वर्षं नीट बघत आलं आहे. मी माझ्या आईकडे पाच महिने तसं बघितलं नव्हतं.

मंडळात आता कोणाचे आईवडील अशा गोळीवर असले, तर मी दोनच गोष्टी सांगते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि रोज पाच मिनिटं जवळ बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.