किल्ली हाती, घर दुसऱ्याचे

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांपैकी एक म्हणून आम्ही सही केली होती. वास्तविक व्यवस्थापक म्हणून त्यांना आम्हीच हवे होतो. परंतु वरिष्ठांच्या अनुमतीवाचून धर्मगुरूने प्रापंचिकांच्या मालमत्तेचा कारभार पत्करू नये, असे कॅनन लॉचे 285 वे कलम सांगते. तेव्हा थोरल्या मुलाचे नाव पडले. व्यवस्थापकाने करावयाचे तरी काय, हे त्याला त्याच वेळी समजावून सांगावे, एवढे मात्र आम्हाला सुचले नाही.

पित्याच्या महिन्याच्या मिस्सानंतर तो आमच्याकडे आला. "फादर, वकील म्हणतात, घर आणि वाडी आता माझ्या ठायी निहित झाली. बिल्डरकडून विसार घेतलाय."

वाडी तिन्ही भावंडांना सारखी होती. घरात अविवाहित बहीण राहत होती, आणि ती हयात असेतो ते विकू नये, असे बापाने स्पष्ट लिहून ठेवले होते.

वकिलाचे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृताची मालमत्ता व्यवस्थापकाच्या ठायी निहित होते खरी, पण मृताचा प्रतिनिधी म्हणून. मालक म्हणून नव्हे. आधी अंत्यविधीचा खर्च, मग कर्जे, आणि उरेल ते ज्याचे त्याला. स्थावर विकण्याचा अधिकार त्याला असतो. परंतु इथे मृत्युपत्रातच मनाई लिहिलेली होती. ख्रिस्ती माणसावरील प्रोबेटची सक्ती 2002 मध्ये उठली, हे त्याला नेमके ठाऊक होते. (सवलती आमच्या लोकांना फार लवकर कळतात!) पण सक्ती उठल्याने बापाची अट उठत नव्हती.

तो रागावून गेला. चार रविवार देवळात दिसला नाही.

पाचव्या रविवारी बहिणीला घेऊन आला. विसार परत केला होता. त्यातला खर्च झालेला भाग पतपेढीतून काढावा लागला. पुढे त्याने आपणहून प्रोबेट घेतले. ते मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. ती यादी त्याने आमच्यासमोर वाचून दाखविली: घर, वाडी, विहिरीवरचा पंप, बापाची सायकल, माड. घरापुढे बहिणीच्या राहण्याची अट स्वतःच्या अक्षरात लिहिली होती.

"माड चुकले," बहीण म्हणाली. "पडवीमागचा धरला नाहीस."

त्याने खिशातून पेन काढले.