लॉस एंजेलिसची बेकरी

लॉस एंजेलिसला जाणारा हॉलिवूड पाहतोच; मी चायनाटाउनजवळची ‘होमबॉय’ बेकरीही पाहिली. पावाचे पीठ मळणाऱ्या हातांवर टोळ्यांची नावे गोंदलेली, आणि शेजारी उभा तो कालचा वैरी! ग्रेग बॉयल या जेझुइट धर्मगुरूंनी टोळ्यांतल्या पोरांना कामे मिळवून देण्याचा उद्योग १९८८ साली आरंभिला. बेकरी १९९२ सालची. प्रारंभी ते टोळ्याटोळ्यांत तह घडवून आणीत. पुढे ते सोडले. तहाने टोळीचीच प्रतिष्ठा वाढते! मला हे फार मार्मिक वाटले. आता व्यवहार टोळीशी नाही, एकेका पोराशी. दीड वर्षाची पगारी उमेदवारी. गोंदणही फुकट काढून देतात, मात्र एका खेपेत ते जात नाही. दाराशी एक तरुण मानेवरची पुसट झालेली अक्षरे चोळीत आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता.